भारताचं पाणी आणि बदलतं हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं गावोगावी विहिरींची पातळी मोजताना, शाळा-महाविद्यालयांत आणि ग्रामसभेत बोलताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. फोनवर, निरोपातून, चिठ्ठीवर. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न मुळाक्षरांसारखे आहेत आणि पुढचे अडचणीचे. एका उत्तरात दुसऱ्याचा धागा लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाऊस आधीही कमी-जास्त व्हायचाच. मग 'हवामान बदल' म्हणजे वेगळं काय झालं?

एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, एखाद्या वर्षी झोडपतो. हा चढउतार पूर्वीपासूनचा आहे. बदललं ते त्याखालचं जोतं. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढलं आणि १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातल्या पृष्ठभागाचं पाणी सुमारे १ अंशाने तापलं. हे आकडे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालातले आहेत.

एका अंशाने काय होतं, असं विचारणारे खूप भेटतात. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. कोठार मोठं झालं की ते भरायला वेळ लागतो, म्हणून पावसाचे खंड लांबतात. भरलेलं कोठार रिकामं होतं तेव्हा एकदम आणि जोराने होतं. दरम्यानच्या कोरड्या दिवसांत तीच तापलेली हवा जमिनीतली, पिकातली, तळ्यातली ओल ओढून घेते. पुढची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

२. म्हणजे भारतात पाऊस कमी होत चालला आहे का?

सरळ 'हो' म्हणता येत नाही. १९५१ ते २०१५ दरम्यान नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट गंगेचं खोरं व पश्चिम घाटात जास्त जाणवली. तिचं एक मोठं कारण हवेतला धूर आणि धूलिकण हे मानलं जातं. ते सूर्यप्रकाश अडवतात, जमीन कमी तापते आणि मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरतो. पुढच्या काळात मात्र तापमान वाढेल तसा एकूण मोसमी पाऊस वाढेल आणि त्याची वर्षावर्षातली तफावतही वाढेल, असं बहुतेक हवामान प्रारूपं, म्हणजे संगणकावर मांडलेली हवामानाची गणितं, दाखवतात.

जून ते सप्टेंबरची देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर आहे. २०२३ मध्ये तिच्या ९४ टक्के पाऊस झाला. ऐकायला हा आकडा बरा वाटतो. पण त्याच हंगामातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सुमारे ३६ टक्के तूट. ज्यांची सोयाबीन ऐन फुलोऱ्यात होरपळली त्यांना ९४ टक्क्यांचा काय उपयोग? एकूण पावसापेक्षा पावसाचं वेळापत्रक मोडलं, आणि आपली धरणं, पिकं, पाण्याचे करार सगळं जुन्या वेळापत्रकावर बेतलेलं आहे. माझ्या मते आपल्या पाण्याचं आजचं मूळ दुखणं हेच आहे.

३. एकूण पाऊस तेवढाच राहणार असेल किंवा वाढणार असेल, तर काळजी कशाची?

एक हेक्टर रान डोळ्यांसमोर आणा. त्यावर ६० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ६ लाख लिटर पाणी पडलं. हा पाऊस सहा दिवस रिमझिम पडला तर बराचसा भाग जमिनीत जिरतो. बांधाजवळ पाय ठेवला की तळव्याखाली माती दबते आणि दोन दिवसांनी वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येतो. तोच पाऊस तासाभरात कोसळला तर काळ्या जमिनीच्या भेगा फुगून बुजतात. त्यानंतर जमीन तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत घेते. बाकीचं बांध फोडून, वरचा सुपीक थर घेऊन ओढ्याला लागतं. पर्जन्यमापकात दोन्ही दिवशी ६० मिलिमीटरच नोंदले जातात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. या पट्ट्यात महाराष्ट्र येतो. अरबी समुद्रातून येणाऱ्या बाष्पाच्या वाऱ्यांची चंचलता वाढली, हे त्यामागचं कारण त्यांनी दाखवलं.

महाबळेश्वरला २२ जुलै २०२१ च्या सुमारास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. मराठवाड्यातल्या बऱ्याच तालुक्यांचा हा जवळजवळ अख्ख्या हंगामाचा पाऊस. त्याच दिवशी चिपळूण बुडालं आणि महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. एवढं पाणी येतं, तरी एप्रिलमध्ये त्याच घाटातल्या वाड्यांवर टँकर लागतो.

४. जास्त पाऊस आला तर धरणात साठवता येईल. महाराष्ट्रात तर देशात सर्वाधिक मोठी धरणं आहेत ना?

आहेत. पण धरण भरण्याचंही वेळापत्रक असतं. कोणत्या तारखेला जलाशय किती टक्के भरलेला असावा, हे प्रत्येक मोठ्या धरणाच्या परिचालन सूचीत ठरलेलं असतं, आणि ती सूची जुन्या पर्जन्यमानाच्या नोंदींवरून बनवलेली असते. धरण लवकर भरून घेतलं आणि ऑगस्टअखेर मोठा पाऊस आला, तर दरवाजे उघडावे लागतात. खालच्या गावात पूर येतो. धरण रिकामं ठेवलं आणि परतीचा पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात कालव्याच्या पाण्याची आवर्तनं तुटतात. दरवाज्यावरच्या अभियंत्याला यातला एक धोका पत्करावाच लागतो. त्यात मोसमी पावसाच्या माघारीची तारीखही सरकली आहे. हवामान विभागाने २०२० मध्ये नवीन सरासरी तारखा जाहीर केल्या, तेव्हा वायव्य राजस्थानातून माघारीची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर झाली आणि मुंबईची २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर. जुनी सूची आणि नवा पाऊस यांत आता एक-दोन आठवड्यांचं अंतर आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला हे किती महाग पडतं ते दिसलं. जुलैअखेरपर्यंत कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातली धरणं बरीच भरत आली होती, आणि मग आठवडाभर पाऊस थांबलाच नाही. धरणातून सोडलेलं पाणी आणि धरणाखाली पडलेला पाऊस हे दोन्ही नदीपात्रात एकत्र आले.

दुसरी बाब गाळाची. जोरदार पाऊस माती जास्त आणतो. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाच्या एका अभ्यासाने २०५० पर्यंत भारतातल्या मोठ्या धरणांची मूळ साठवणक्षमता सुमारे २६ टक्क्यांनी घटलेली असेल, असा अंदाज दिला आहे. बातमीत 'धरण शंभर टक्के भरलं' असं वाचाल तेव्हा ही शंभर टक्क्यांची कणगी दरवर्षी थोडी लहान होते आहे, हे लक्षात असू द्या.

५. उन्हाळ्यात धरणातलं पाणी 'उडून जातं' म्हणतात. ते खरंच एवढं असतं?

हिशेब सोपा आहे. एक चौरस किलोमीटर पाण्याच्या पसाऱ्यावरून दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं तर १ कोटी लिटर गेलं. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या कडक उन्हात आणि वाऱ्यात दिवसाला एवढं बाष्पीभवन ही नवलाईची गोष्ट नाही. जायकवाडीचा जलाशय पूर्ण भरल्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात पसरतो आणि त्या मानाने उथळ आहे. उन्हाळ्यात पसारा आक्रसतो हे खरं, पण निम्मा धरला तरी दिवसाकाठी किती कोटी लिटर हवेत जातं ते तुम्हीच मांडून पाहा. तापमान वाढलं, वारा कोरडा झाला, की हा आकडा वर सरकतो. शेततळ्यांचंही तेच. उघड्यावर पसरट तळं करून त्यात बोअरचं पाणी उपसून ठेवणं म्हणजे जमिनीखाली झाकून ठेवलेलं पाणी उन्हात आणून मांडणं.

६. भूजलावर थेट परिणाम काय होतो? ते तर जमिनीखाली सुरक्षित असतं.

जगात सर्वाधिक भूजल भारत उपसतो, जगाच्या एकूण उपशाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या मूल्यांकनानुसार देशात वर्षाला उपसण्याजोगं भूजल सुमारे ४०६ अब्ज घनमीटर आणि उपसा सुमारे २४६ अब्ज घनमीटर, म्हणजे ६० टक्के. या सरासरीवर विसंबू नका. पंजाबात उपसा पुनर्भरणाच्या १५० टक्क्यांहून जास्त आहे. तिथे दरवर्षी मुद्दलातून खर्च चालतो.

हवामान बदल इथे दोन्ही बाजूंनी घाव घालतो. पाऊस धो धो पडला की मुरण्याचं प्रमाण घटतं (प्रश्न ३). ऊन वाढलं की पिकाला पाण्याच्या पाळ्या जास्त लागतात, आणि शेतकरी पंप जास्त वेळ चालवतो. त्यालाही इलाज नसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने नेमकं हेच मोजलं: तापमान असंच वाढत राहिलं आणि शेतकरी त्याला जास्त उपशाने तोंड देत राहिले, तर २०४१ ते २०८० या काळात भारतातली भूजल घटण्याची गती आजच्या तिप्पट होऊ शकते.

७. आमच्याकडे सरासरीपेक्षा जास्त पाऊस झाला, तरी फेब्रुवारीत विहीर आटली. असं कसं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो, आणि तो रास्त आहे.

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. गंगेच्या गाळाच्या जमिनीसारखं त्यात खोलवर पाणी साठत नाही. वर माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला मांजऱ्या दगड आणि त्याखाली घट्ट पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. ही बादली लहान आहे. ती ऑगस्टमध्ये एकदा भरली की पुढचा पाऊस कितीही पडो, तो वाहून जातो. सरासरी ओलांडली जाते ती याच वाहून जाणाऱ्या पावसामुळे.

आम्ही विहिरीची पातळी मोजतो तेव्हा काठावरच्या एका दगडावर रंगाची खूण करतो आणि दर वेळी तिथूनच टेप सोडतो. टेपच्या टोकाला वजन असतं. ते पाण्याला टेकल्याचा 'टप्' आवाज आला की आकडा वाचायचा. एका विहिरीत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाणी काठापासून अडीच मीटरवर होतं. दिवाळीनंतर गहू, कांदा, ऊस असं सगळ्यांचंच सुरू झालं. जानेवारीअखेर टेप नऊ मीटर खाली गेला. पाऊस त्या वर्षी उत्तम होता.

आणखी एक गोष्ट तपासा. अतिवृष्टीची नोंद महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर होते, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे गेलं की अतिवृष्टी. एका मंडळात बरीच गावं असतात. पाऊस आता तुकड्यातुकड्याने पडतो, त्यामुळे मंडळात पडलेला पाऊस तुमच्या शिवारात पडला असेलच असं नाही. शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसवून मुलांनी रोज सकाळी साडेआठला नोंद घेतली, तर तुमच्या गावाचा खरा आकडा तुमच्या हाती राहील.

८. मग बोअर आणखी खोल घ्यावी का?

बहुतेक वेळा नाही. कठीण कातळात खाली जावं तशा भेगा कमी होत जातात. पाणी लागलंच तर ते बऱ्याचदा शेजारच्या विहिरीच्याच वाटेवरचं असतं. शिवाय खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा धोका असतो. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत काही गावांनी हे भोगलं आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग, मोठ्यांच्या सांध्यांची कुरकुर. नवीन बोअरचं पाणी पिण्याआधी जिल्हा प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

९. हिमालयातल्या हिमनद्या वितळतायत. त्याने नद्यांना पाणी वाढेलच ना? आणि महाराष्ट्राचा त्याच्याशी काय संबंध?

हिंदुकुश-हिमालय पट्ट्यातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झिजल्या. सुरुवातीला नदीला पाणी वाढतं, हे बरोबर. ते ठेव मोडून आलेलं पाणी आहे. शतकाच्या मध्याच्या आसपास ही वाढ कळस गाठेल आणि नंतर उतरणीला लागेल, असा अंदाज आहे. सिंधूच्या खोऱ्याला याचा फटका सर्वांत जास्त, कारण तिच्या पाण्यात बर्फाचा वाटा मोठा आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मुख्यतः पावसावर चालतात, तरी उन्हाळ्यात, पाऊस येण्याआधी, गंगेला बर्फाचाच आधार असतो.

वितळणारी हिमनदी मागे सरकते तेव्हा तिच्या पायथ्याशी तळं साचतं. त्याचा बांध म्हणजे दगडगोट्यांचा ढीग. ३-४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक तळं असंच फुटलं आणि तीस्ता नदीवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं.

आपल्या नद्यांना, म्हणजे गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी यांना हिमालयाचं थेंबभरही पाणी येत नाही. आपला संबंध पंजाब-हरियाणाच्या गव्हामार्फत आणि उत्तरेतल्या जलविद्युतमार्फत.

१०. एल निनो आणि हवामान बदल एकच का?

नाही. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराच्या मध्य-पूर्व भागातलं पाणी दर दोन ते सात वर्षांनी तापण्याची नैसर्गिक घडामोड. त्या वर्षी आपल्याकडे पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते, खात्री नसते. १९९७ चा एल निनो फार बलवान होता, तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. तापलेल्या जगात एल निनोचं वर्ष आलं की त्याच तुटीत जमीन जास्त लवकर कोरडी पडते, एवढा दोघांचा धागा जुळतो.

११. कोकणात आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं. हे समुद्र वाढल्यामुळे का?

काही अंशी. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटर दराने वाढली. पण तुमच्या विहिरीपुरतं पाहिलं तर उपसा हे बहुधा मोठं कारण असेल.

किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर उंच असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी राहतं, असा ढोबळ नियम आहे. तो उलटही चालतो. उपशाने पातळी दहा सेंटिमीटर उतरली की खारं पाणी खालून चार मीटर वर येऊ शकतं. वाळूच्या पुळणीत हा नियम चांगला लागू पडतो, जांभ्यात आणि कातळाच्या भेगांत कमी. खाडीकाठच्या खारबंदिस्तीचे बांध फुटले असतील तर उधाणाचं पाणी वरूनही आत येतं. आधी ते बांध पाहा. एप्रिल-मेमध्ये पंपाऐवजी रहाटाने थोडं थोडं पाणी काढून पाहा. चव सुधारली तर कारण तुमच्या लक्षात येईल.

१२. मुंबई जुलैमध्ये तुंबते आणि त्याच वेळी पाणीकपात सुरू असते. दोन्ही एकदम कसं?

मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत. त्यांतले विहार आणि तुळशी हे दोनच शहरात आहेत आणि ते फार लहान. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा आणि भातसा हे शहापूर-वाडा-इगतपुरीच्या बाजूला. सांताक्रूझला कोसळणारा पाऊस या धरणांत जात नाही, तो मिठी नदीतून समुद्रात जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर. पंचवीस किलोमीटरच्या आत एवढा फरक पडतो, तर शंभर किलोमीटरवरच्या पाणलोटाची काय कथा? चेन्नईने डिसेंबर २०१५ मध्ये महापूर पाहिला आणि २०१९ च्या जूनमध्ये तिचे तलाव कोरडे पडले. अवघ्या साडेतीन वर्षांत.

१३. राज्याराज्यांतल्या पाणीवाटपाचं काय होणार?

मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती याची. कृष्णा लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, १९७० च्या दशकात नदीत २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी अशी वाटणी केली. हा आकडा '७५ टक्के विश्वासार्हतेचा' होता. शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी नदीत निदान एवढं पाणी असेल, असा त्यामागचा आडाखा. तो बांधला १८९४ पासूनच्या नोंदींवर. हवामान स्थिर असेल तर हा मार्ग उत्तम. पण मागची वर्षं पुढच्या वर्षांसारखी राहिली नाहीत, तर पंचाहत्तर टक्क्यांचा आकडा कशाच्या जोरावर टिकायचा?

भांडण नेहमी तुटीच्या वर्षी होतं. कावेरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कर्नाटकाने वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी सोडावं असं ठरवून दिलं, तरी पाऊस कमी झाला की दर वेळी तंटा नव्याने पेटतो. तुटीच्या वर्षात तूट कशी वाटायची, हे करारात आधीच लिहिलेलं असायला हवं. राज्याच्या आतही हेच लागू आहे. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याच्या वादात निदान काही नियम आहे: २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं समन्यायी वाटपाचं तत्त्व आणि जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरून पाणी सोडण्याचा निकष. दोन्हीकडचे लोक त्यावर नाराज असतात, तरी नियम असणं नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

१४. नद्या जोडल्या तर प्रश्न सुटेल?

जास्त पाण्याच्या खोऱ्यातून तुटीच्या खोऱ्यात पाणी नेणं ही कल्पना कागदावर सरळ दिसते. अडचण अशी की 'जास्त पाणी' कुठे आहे हे आपण जुन्या नोंदींवरून ठरवतो (प्रश्न १३), आणि दुष्काळी वर्षात शेजारशेजारची खोरी बऱ्याचदा एकदमच कोरडी असतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असंही दिसलं, की नदीजोडामुळे सिंचन वाढल्यावर जमीन आणि हवा यांतली बाष्पाची देवाणघेवाण बदलते आणि आधीच तुटीच्या असलेल्या काही भागांत सप्टेंबरचा पाऊस १२ टक्क्यांपर्यंत घटू शकतो. एखाद्या जोडणीची गरज नाकारता येणार नाही. पण 'नदीजोड झाला की मग बघू' म्हणून गावातली कामं थांबवणं घातक आहे.

१५. सगळं हवामान बदलावर ढकलून जबाबदार लोक मोकळे होत नाहीत का?

होतात, आणि ते थांबवलं पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याआधीची दोन वर्षं, २०१४ आणि २०१५, पावसाने ओढ दिली होती, हे खरं. पण त्याच मांजरा खोऱ्यात ऊस उभा होता, साखर कारखाने चालू होते आणि शहराची भिस्त एकाच धरणावर होती. पावसाची ओढ हे निमित्त. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या सुरुवातीला पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, तेव्हाही असंच होतं. हवामान बदल जुन्या चुकांची किंमत वाढवतो. चुका आपल्याच असतात.

१६. गावपातळीवर नेमकं काय करायचं?

पाण्याचा ताळेबंद. हिवरे बाजारने हे वर्षानुवर्षं केलं आहे. पावसाळा संपला की पाऊस आणि विहिरींची पातळी पाहायची, उपलब्ध पाणी काढायचं आणि त्यावरून रब्बीत कोणतं पीक किती क्षेत्रावर घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियमही त्यांनी पाळला.

एक नमुना मांडतो, आकडे समजुतीपुरते. गावाचं क्षेत्र १००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर, म्हणजे ५०० कोटी लिटर पाणी पडलं. कातळाच्या मुलखात त्यातलं दहा टक्के मुरलं असं धरू, ५० कोटी लिटर. दोन हजार लोकांना दररोज माणशी ५५ लिटरप्रमाणे वर्षाला ४ कोटी लिटर लागतात. दीड हजार जनावरांना ४० लिटरप्रमाणे सुमारे २ कोटी. उरले ४४ कोटी. आता एका हेक्टर उसाला, पावसाचं वजा करूनही, सुमारे दीड कोटी लिटर पाणी लागतं. तीस हेक्टर ऊस लावला की अख्ख्या गावाचं मुरलेलं पाणी संपलं. हरभऱ्याला हेक्टरी तीस लाख लिटर पुरतात, म्हणजे त्याच पाण्यात जवळजवळ दीडशे हेक्टर हरभरा. ग्रामसभेत फळ्यावर हा हिशेब मांडला की काही क्षण कोणीच बोलत नाही. मग मागच्या रांगेतून एखादी बाई विचारते, "मग पिण्याचं का पुरत नाही?" तिचं उत्तर फळ्यावरच असतं.

१७. झाडं लावली की पाऊस वाढतो ना?

गावाच्या टेकडीवर झाडं लावून गावाचा पाऊस वाढत नाही. ती माती धरतात, पाणी मुरायला मदत करतात, हे मात्र पक्कं. पण झाडही पाणी पितं. कमी पावसाच्या माळरानावर निलगिरीसारखी झाडं दाट लावली तर विहिरींची पातळी उतरू शकते. अशा ठिकाणी चराईबंदी करून गवत वाढू देणं बऱ्याचदा जास्त उपयोगी ठरतं. विस्तीर्ण जंगलांचा हवेतल्या बाष्पावर परिणाम होतो, तो विषय वेगळ्या मापाचा आहे.

१८. आमच्याकडे नाला खोलीकरण झालं. पहिल्या वर्षी पाणीच पाणी दिसलं, आता आजूबाजूच्या विहिरी लवकर आटतात. चूक कुठे झाली?

बहुधा खोदाई मुरमाच्या थरापार गेली. मुरूम हाच पाणी धरून ठेवणारा थर (प्रश्न ७). नाला त्याच्या खाली उतरला की दोन्ही काठांच्या शेतातलं भूजल झिरपून नाल्यात येतं, उघडं पडतं आणि बाष्पीभवनाने जातं. नाल्यात दिसणारं पाणी नवीन नव्हतं, ते विहिरींचंच होतं. गाळ काढायचा तो मूळ तळापर्यंतच. आणि सुरुवात माथ्यावरून: आधी डोंगरावर समतल चर, मग बांधबंदिस्ती, शेवटी नाला. वरची कामं न करता खाली बंधारा घातला तर एका अतिवृष्टीत तो गाळाने भरतो किंवा बाजूने फुटतो. जुन्या बंधाऱ्याच्या सांडव्याची रुंदीही तपासून घ्या. तो जुन्या पावसाच्या मापाने बांधलेला असतो.

१९. मे महिन्यातच मोसमी पाऊस आला तर पेरणी करावी का?

२०२५ मध्ये हा प्रश्न फार आला. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात पोहोचला, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी, आणि २६ मे रोजी मुंबईत, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. पुढे तो राज्यात बरेच दिवस अडकून पडला. ज्यांनी पहिल्या सरींवर चाड्यावर मूठ धरली त्यांच्यातल्या अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या उत्तरार्धात मराठवाडा आणि सोलापूर भागात महापूर आले आणि काढणीला आलेलं पीक पाण्यात गेलं.

मोसमी पाऊस 'आला' ही घोषणा वारे आणि पावसाच्या निकषांवर होते, तुमच्या शेतातल्या ओलीवर नाही. कृषी विभागाचा सल्ला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरण्याचा आहे, आणि तो बदलत्या हवामानात अधिकच लागू पडतो. पावसाची तूट पडली तर ओल टिकावी म्हणून सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घ्या. जास्त पावसात त्याच सरीतून पाणी निघूनही जातं. पेरण्याआधी शेतात तीन-चार ठिकाणी वीतभर खड्डा करून तळाची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि सोडल्यावर अलगद फुटला, तर वाफसा आहे. वर ओलं आणि खाली कोरडं निघालं, तर बियाणं घरीच राहू द्या.